कसब्याचा कौल : मत कोण बदलतं आणि घरी कोण राहतं

पुण्याच्या कसबा पेठ विधानसभा मतदारसंघात १९९० पासून २०२४ पर्यंत दहा वेळा मतदान झालं. त्यात आठ वेळा भाजप जिंकला आणि दोन वेळा काँग्रेस. काँग्रेसचे दोन्ही विजय, १९९१ चा आणि २०२३ चा, पोटनिवडणुकीतले आहेत. सार्वत्रिक निवडणुकीत मात्र या काळात भाजपनं ही जागा एकदाही सोडलेली नाही. हा योगायोग आहे की यामागं काही हिशेब आहे, हे पाहण्यासाठी कसब्याच्या आकड्यांचा आढावा घ्यायला हवा.

कसब्याबद्दल तयार उत्तरांची वाण नाही. २०२३ मध्ये भाजप हरला तेव्हा ‘ब्राह्मण मतदार नाराज झाला’ हे उत्तर होतं. २०२४ मध्ये भाजप जिंकला तेव्हा ‘हिंदुत्व एकवटलं’ हे होतं. दोन्ही उत्तरांत थोडं तथ्य आहे. पण दोन्ही उत्तरं असं गृहीत धरतात की कसब्यातला मतदार एका बाजूकडून उठला आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. आकडे वेगळं काही सांगतात. कसब्यात बाजू बदलणारे थोडे आहेत. निकाल फिरतो तो मतदानाला उतरणाऱ्या आणि घरी राहणाऱ्या मतदारांमुळे.

नदीपासून लोहियानगरपर्यंत

आज २१५ क्रमांकाचा असलेला हा मतदारसंघ म्हणजे स्थूलमानानं जुनं पुणं. पश्चिमेला शनिवार, नारायण आणि सदाशिव पेठ. मध्यभागी बुधवार, रविवार आणि शुक्रवार पेठांचा बाजार : तुळशीबाग, मंडई, लक्ष्मी रस्ता, बोहरी आळी. उत्तरेला मूळ कसबा : ग्रामदैवत गणपती, लाल महाल, शनिवारवाडा, कुंभारवाडा, तांबट आळी, बुरूड आळी. पूर्वेला गुरुवार पेठ, घोरपडे पेठ, महात्मा फुल्यांचा वाडा असलेली गंज पेठ, मोमीनपुरा आणि लोहियानगरची दाट वस्ती.

म्हणजे ज्याला बाहेरचा माणूस ‘पेठांचा मतदारसंघ’ म्हणून एका खान्यात टाकतो, तिथं पुस्तकांच्या दुकानापासून तांब्याच्या हंड्यांवर ठोके देणाऱ्या कारागिरापर्यंत, कापडाच्या घाऊक व्यापाऱ्यापासून झोपडपट्टीतल्या रोजंदारी कामगारापर्यंत सगळे एकाच यादीत येतात. ब्राह्मण, मराठा, माळी, तांबट, कुंभार, पद्मशाली, लिंगायत, गुजराती, मारवाडी, बोहरा, मुस्लिम आणि दलित अशा सगळ्या वस्त्या इथं चालत पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर आहेत. जातीनिहाय मतदारांची अधिकृत मोजदाद कुठंही होत नाही. त्यामुळे निवडणुकीच्या तोंडावर जे टक्के फिरतात ते कार्यकर्त्यांनी यादीतली आडनावं चाळून बांधलेले अंदाज असतात.

या पेठांची लोकसंख्या दोन धक्क्यांनी बदलली. पहिला धक्का १२ जुलै १९६१ चा. पानशेत आणि खडकवासला धरणं फुटली आणि नदीकाठच्या पेठांतले शेकडो वाडे पाण्यात गेले. अनेक कुटुंबं सहकारनगर, गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा नव्या वसाहतींत गेली. दुसरा बदल हळू झाला आणि अजून थांबलेला नाही. वाडा मोडकळीला आला, भाडेकरू आणि मालकाचा वाद कोर्टात गेला, मुलं मोठी झाली आणि कोथरूड, कर्वेनगर किंवा सिंहगड रस्त्यावर फ्लॅट घेऊन राहायला गेली. माणसं गेली, तरी अनेकांची नावं पेठेच्या मतदार यादीत राहिली. पुढच्या हिशेबात ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

कागदावरचा नकाशाही बदलला. २००१ च्या जनगणनेवर आधारलेली पुनर्रचना २००८ मध्ये लागू झाली आणि २००९ पासून निवडणुका नव्या हद्दींवर होऊ लागल्या. जुना भवानी पेठ मतदारसंघ नाहीसा झाला आणि पूर्वेकडच्या पेठांचा बराचसा भाग कसब्यात आला. त्याच वेळी उपनगरांना जास्त जागा मिळाल्या. पुणे शहरात आज वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, खडकवासला, पर्वती, हडपसर, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा असे आठ मतदारसंघ आहेत. जुन्या गावठाणाचं राजकीय वजन त्यात कसब्यापुरतंच उरलं. म्हणून २००९ च्या आधीचा कसबा आणि नंतरचा कसबा यांची बेरीज-वजाबाकी सरसकट करता येत नाही. नाव एकच असलं तरी मतदार बराच वेगळा आहे.

समाजवादी पुणं ते भाजपचं पुणं

पेठांमधलं राजकारण सुरुवातीपासून एकरंगी नव्हतं. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ मध्ये एस. एम. जोशी शुक्रवार पेठेतून विधानसभेवर गेले, तर लोकसभेला नानासाहेब गोरे यांनी काकासाहेब गाडगीळांचा पराभव केला. १९६७ मध्ये एस. एम. स्वतः पुण्याचे खासदार झाले. समाजवादी, हिंदुमहासभेचे, संघाचे आणि काँग्रेसचे असे चार प्रवाह याच गल्ल्यांतून वाहत होते. आणीबाणीत यातले समाजवादी आणि संघाचे प्रवाह तुरुंगात आणि चळवळीत एकत्र आले, आणि जनता पक्षाच्या रूपानं त्यांना एक निवडणूक चिन्ह मिळालं.

कसब्याच्या आजच्या राजकारणाची सुरुवात तिथून धरता येते. तेव्हापासूनच्या निकालांची यादी अशी :

१९७८ : डॉ. अरविंद लेले, जनता पक्ष
१९८० : डॉ. अरविंद लेले, भाजप
१९८५ : उल्हास काळोखे, काँग्रेस
१९९० : अण्णा जोशी, भाजप
१९९१ (पोटनिवडणूक) : वसंत थोरात, काँग्रेस
१९९५, १९९९, २००४, २००९, २०१४ : गिरीश बापट, भाजप
२०१९ : मुक्ता टिळक, भाजप
२०२३ (पोटनिवडणूक) : रवींद्र धंगेकर, काँग्रेस
२०२४ : हेमंत रासने, भाजप

दोन गोष्टी चटकन दिसतात. १९९५ पर्यंत इथं कुणाचंच ठाण नव्हतं. सतरा वर्षांत चार भाजप-जनता विजय आणि दोन काँग्रेस विजय, असा लंबक झुलत होता. नंतर एकच माणूस सलग पाच वेळा निवडून आला. तेव्हा कसबा भाजपचा झाला असं म्हणताना तो आधी गिरीश बापटांचा झाला, हेही म्हणावं लागतं.

दुसरी गोष्ट १९९१ ची. अण्णा जोशी १९९० मध्ये आमदार झाले आणि पुढच्याच वर्षी लोकसभेत गेले. रिकाम्या जागेवर भाजपनं उमेदवारी दिली ती बापटांना, आणि ते हरले. पुढची पंचवीस वर्षं ज्यांना कसब्यात हरवता आलं नाही, त्यांची इथली सुरुवात पोटनिवडणुकीतल्या पराभवानं झाली. शहरानं जेमतेम काही महिन्यांपूर्वी भाजपचा खासदार दिल्लीला पाठवला होता, तरी एकटी कसब्याची जागा भाजपला राखता आली नाही.

बापटांची पद्धत

बापट हे वैचारिक भाषणांसाठी ओळखले जाणारे नेते नव्हते. टेल्कोत नोकरी, आणीबाणीत तुरुंगवास, १९८३ पासून नगरसेवक आणि मग आमदार, अशी त्यांची चढण होती. कार्यकर्त्यांचे ते ‘भाऊ’. गणेश मंडळांचे पदाधिकारी, बाजारातले व्यापारी आणि पूर्वेकडच्या पेठांतले कार्यकर्ते यांच्यात त्यांची ऊठबस होती. विरोधी पक्षांतल्या लोकांशी त्यांची मैत्री हा पुण्याच्या राजकारणात कौतुकाचा आणि कुजबुजीचाही विषय असे. पण या मैत्रीचा निवडणुकीत उपयोग होता : समोरचा उमेदवार कोण असेल, किती जण असतील आणि त्यांच्यात किती सलोखा असेल, यावर कसब्याचा निकाल ठरत होता.

२००९ चा निकाल याचं सर्वांत बोलकं उदाहरण. नव्या हद्दीवरची ती पहिली विधानसभा निवडणूक. मनसे जोरात होती. शेजारच्या खडकवासल्यात तिचे रमेश वांजळे निवडून आले. कसब्यात मनसेचे उमेदवार होते रवींद्र धंगेकर, तर काँग्रेसकडून लोकमान्यांच्या घराण्यातले रोहित टिळक. मतं पडली ती अशी : बापट ५४,९८२, धंगेकर ४६,८२०, टिळक ४६,७२८. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकात अंतर अवघं ९२ मतांचं. दोघांची बेरीज ९३,५४८, म्हणजे बापटांपेक्षा साडेअडतीस हजारांनी जास्त. शिवसेना सोबत असूनही भाजपला साधं बहुमत दूरच, चाळिशीचा टक्काही गाठता आला नव्हता. ज्या जागेला अभेद्य म्हटलं जाई, ती विरोधकांच्या दुफळीवर तगली होती.

२०१४ मध्ये चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढले. मोदी लाटेत बापटांची मतं ७३,५९४ वर गेली. रोहित टिळक ३१,३२२ वर थांबले आणि धंगेकर २५,९९८ वर. मताधिक्य ४२,२७२. तरीही पंचकोनी लढतीत भाजपचा वाटा निम्म्याच्या आतच होता. मताधिक्य मोठं दिसतं तेव्हा आपण जिंकणाऱ्याची ताकद मोजतो, पण त्या आकड्यात हरणाऱ्यांची फूटही मिसळलेली असते. कसब्यात ती फूट दोन्ही निवडणुकांत निर्णायक होती.

टिळक वाड्यातून विधानसभेत

२०१९ मध्ये बापट पुण्याचे खासदार झाले. काँग्रेसच्या मोहन जोशींचा त्यांनी तीन लाखांहून जास्त मतांनी पराभव केला. विधानसभेला कसब्यातून भाजपनं महापौर मुक्ता टिळक यांना उभं केलं. २०१७ मध्ये महापालिकेच्या १६२ पैकी ९७ जागा जिंकून भाजप सत्तेत आला, तेव्हा त्या पक्षाच्या पहिल्या महापौर झाल्या होत्या. त्यांना ७५,४९२ मतं मिळाली. काँग्रेसचे अरविंद शिंदे ४७,२९६ वर राहिले. शिवसेनेचे बंडखोर विशाल धनवडे यांनी १३,९८९ आणि मनसेचे अजय शिंदे यांनी ८,२८४ मतं घेतली.

ही तीन नावं एकत्र जोडली की ६९,५६९ होतात. हा आकडा लक्षात ठेवायचा. कसब्यात भाजपला मत न देणाऱ्यांचा हा साधारण साठा आहे, आणि पुढच्या दोन निवडणुकांत तो फारसा हललेला नाही.

मुक्ता टिळक आमदार झाल्या, पण कर्करोगानं त्यांना गाठलं. जून २०२२ मध्ये राज्यसभेची आणि नंतर विधान परिषदेची निवडणूक एकेका मतावर अडली होती. दोन्ही वेळा त्या रुग्णवाहिकेतून पुण्याहून मुंबईला गेल्या आणि मत देऊन परतल्या. २२ डिसेंबर २०२२ ला त्यांचं निधन झालं.

फेब्रुवारी २०२३

राज्यात शिवसेना फुटून आठ महिने झाले होते. कसबा आणि चिंचवड या दोन जागांवर एकाच दिवशी पोटनिवडणूक लागली. मतदान आधी २७ फेब्रुवारीला होतं. बारावीची परीक्षा मध्ये येत असल्यानं ते २६ फेब्रुवारीला घेण्यात आलं. चिंचवडमध्ये दिवंगत आमदार लक्ष्मण जगताप यांच्या पत्नी अश्विनी यांना भाजपनं उमेदवारी दिली. कसब्यात टिळक कुटुंबाला डावलून महापालिकेच्या स्थायी समितीचे माजी अध्यक्ष हेमंत रासने यांना दिली.

यावरून पेठांत फलक लागले. आधी कोथरूडमधून मेधा कुलकर्णींचं तिकीट गेलं, आता टिळकांचं, पुढचा क्रमांक बापटांचा का, अशी त्यांची विचारणा होती. हिंदू महासंघाचे आनंद दवे ब्राह्मण मतदारांच्या याच नाराजीवर उभे राहिले. मतमोजणीत त्यांना तीनशेचा आकडाही गाठता आला नाही. म्हणजे नाराजी होती, पण तिनं दुसरा उमेदवार शोधला नाही. ती कुठं गेली, ते पुढं येईल.

काँग्रेसनं उभे केलेले धंगेकर हे एकाच पक्षातले नव्हते आणि एकाच पक्षात राहिलेही नाहीत : आधी शिवसेना, मग मनसे, मग काँग्रेस. पण गल्ली एकच होती. २०१७ मध्ये भाजपचे मातब्बर नगरसेवक गणेश बिडकर यांना त्यांनी कसब्यातच हरवलं होतं. दुचाकीवर फिरणारा, फोन उचलणारा, ड्रेनेज तुंबलं की स्वतः उभा राहणारा नगरसेवक, ही त्यांची ओळख. भाजपचे चंद्रकांत पाटील यांनी प्रचारात ‘हू इज धंगेकर’ असा सवाल टाकला आणि निकालानंतर तोच सवाल त्यांना फलकांवरून परत मिळाला.

प्रचाराला मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री, मंत्री, दुसऱ्या जिल्ह्यांचे आमदार सगळे पेठांत उतरले. समोरून शरद पवार, अजित पवार आणि आदित्य ठाकरे होते. १६ फेब्रुवारीला केसरीवाड्यात बापट आले ते चाकाच्या खुर्चीत, नाकात ऑक्सिजनची नळी लावून. आजारी नेत्याला बाहेर काढल्याबद्दल भाजपवर टीका झाली. कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं की भाऊ स्वतःहून आले. मतदानाच्या आदल्या दिवशी धंगेकर पैसेवाटपाचा आरोप करत कसबा गणपतीच्या मंदिरापाशी उपोषणाला बसले आणि भाजपनं त्यावर आचारसंहिता भंगाची तक्रार केली.

२ मार्चला कोरेगाव पार्कच्या अन्न महामंडळाच्या गोदामात मोजणी झाली. २७० मतदान केंद्रं, एका वेळी चौदा टेबलं, म्हणून वीस फेऱ्या. मोजणीत यंत्रं केंद्रांच्या क्रमानं उघडतात, त्यामुळे फेरी म्हणजे एक पेठ किंवा तिचा तुकडा असतो. बाहेर उभ्या कार्यकर्त्याला आकडा ऐकताच कुठल्या गल्लीची पेटी उघडली ते कळतं. निकाल : धंगेकर ७३,३०९, रासने ६२,३९४. मताधिक्य १०,९१५. बत्तीस वर्षांनी काँग्रेसनं कसबा घेतला.

बेरीज काय सांगते

आता २०१९, २०२३ आणि २०२४ हे तीन निकाल शेजारी ठेवून पाहू.

भाजपविरोधी बाजू : २०१९ मध्ये तिघांत वाटलेली ६९,५६९ मतं, २०२३ मध्ये एकट्या धंगेकरांची ७३,३०९, २०२४ मध्ये धंगेकरांचीच ७०,६२३.

भाजप : ७५,४९२, मग ६२,३९४, मग ९०,०४६.

पहिली ओळ जवळजवळ सपाट आहे. पाच वर्षांत चार हजारांच्या आतबाहेर. दुसरी ओळ आधी तेरा हजारांनी घसरते आणि मग साडेसत्तावीस हजारांनी उसळते. २०२३ मध्ये २०१९ पेक्षा एकूण मतं काही हजारांनी कमी पडली, आणि ती घट भाजपच्याच बाजूला दिसते. २०२४ मध्ये एकूण मतं सुमारे तीस हजारांनी वाढली आणि रासनेंची वाढ जवळपास तेवढीच निघाली. धंगेकर पावणेतीन हजार मतांनीसुद्धा घटले नाहीत, तरी १९,४२३ मतांनी हरले.

इथं एक सावधगिरी हवी. बेरजा माणसांचं वागणं सांगत नाहीत. काही भाजपवाल्यांनी २०२३ मध्ये धंगेकरांना मत दिलं असेल, २०१९ ची मनसे आणि धनवडेंची काही मतं भाजपकडेही गेली असतील. दोन्ही बाजूंची अदलाबदल एकमेकींना कापून बेरीज सारखी दिसू शकते. पण सर्वांत सोपं आणि तीनही वर्षांना लागू पडणारं स्पष्टीकरण हेच : २०२३ मध्ये विरोधकांची तीन ठिकाणची मतं एका नावावर आली, आणि भाजपचा एक भाग घरी राहिला. उमेदवारीवरची नाराजी दवेंच्या पेटीत गेली नाही आणि सगळी धंगेकरांच्या पेटीतही गेली नाही. तिचा मोठा भाग कुठल्याच पेटीत गेला नाही.

दोन्ही गोष्टी एकत्र लागतात, हे त्याच दिवशीच्या चिंचवडच्या निकालावरून कळतं. तिथं अश्विनी जगताप १,३५,६०३ मतं घेऊन जिंकल्या. राष्ट्रवादीचे नाना काटे ९९,४३५ आणि बंडखोर राहुल कलाटे ४४,११२. काटे-कलाटे यांची बेरीज जगतापांपेक्षा सात हजारांहून जास्त. कसब्यात एकास एक लढत झाली आणि भाजप हरला. चिंचवडमध्ये तिरंगी झाली आणि भाजप जिंकला. एका ठिकाणी कुटुंबाला तिकीट, दुसऱ्या ठिकाणी नाही, हा फरक चर्चेत राहिला. मतांच्या मोजणीत जास्त भरला तो उमेदवारांच्या संख्येचा फरक.

पोटनिवडणूक आणि सार्वत्रिक निवडणूक यांतला भेदही इथं उलगडतो. पोटनिवडणुकीत सरकार कुणाचं येणार हा प्रश्न नसतो. ज्याला उमेदवार आवडला नाही, तो निर्धास्तपणे मतदान टाळतो किंवा नाराजी मोकळी करतो. विधानसभेच्या सार्वत्रिक निवडणुकीत तोच मतदार मुख्यमंत्री कोण होणार ते पाहून बाहेर पडतो. १९९१ आणि २०२३ या दोन्ही वेळी भाजपचा पराभव अशाच, सत्तेचा निर्णय नसलेल्या निवडणुकीत झाला.

पराभवानंतरची दोन वर्षं

कसब्याचा निकाल मुंबईत गांभीर्यानं घेतला गेला. स्वतः राहत असलेल्या घराच्या मिळकत करातली ४० टक्के सवलत पुणेकरांना १९७० पासून मिळत होती. राज्य सरकारनं ती मागं घेतल्यानं जुन्या थकबाकीसह बिलं येऊ लागली होती. प्रचारात हा मुद्दा दोन्ही बाजूंनी वाजला आणि निकालानंतर काही आठवड्यांत सवलत पुन्हा देण्याची घोषणा झाली. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. नगरसेवक नसताना, प्रशासकाच्या राजवटीत, आमदारकीची पोटनिवडणूक हीच लोकांना राग काढायची एकमेव खिडकी होती. घरपट्टीचा प्रश्न सुटायला तिचा उपयोग झाला, हे नाकारता येत नाही.

२९ मार्च २०२३ ला बापट गेले. लोकसभेची पुण्याची जागा रिकामी झाली, पण पोटनिवडणूक झालीच नाही. मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये ती घेण्याचा आदेश दिला, जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. वर्षभर शहराला खासदार नव्हता. कसब्याचा अनुभव ताजा असताना दुसरी पोटनिवडणूक कुणाला नको होती, हे पुण्यात उघडपणे बोललं जात होतं.

एप्रिल-मे २०२४ च्या लोकसभेला काँग्रेसनं धंगेकरांनाच पुढं केलं. भाजपचे मुरलीधर मोहोळ यांनी त्यांना १,२३,०३८ मतांनी हरवलं. खुद्द कसब्यातही मोहोळ सुमारे चौदा हजारांनी पुढं होते. हा इशारा होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये भाजपनं पुन्हा रासनेंनाच उभं केलं. हरलेल्या उमेदवाराला पुन्हा संधी देणं धाडसाचं होतं, पण त्यात हिशेब होता : दीड वर्ष रासने मतदारसंघात फिरत होते आणि बूथची बांधणी नव्यानं झाली होती. काँग्रेसमध्ये माजी महापौर कमल व्यवहारे यांनी बंड केलं. मनसेचे गणेश भोकरे पाच हजारांच्या आत राहिले. लाडकी बहीण योजना, महायुतीची राज्यभरची लाट आणि घरोघरच्या प्रचारातून बाहेर काढलेला मतदार, या सगळ्यांचं फळ ९०,०४६ मतांत दिसलं. मतदान साठ टक्क्यांच्या जवळ गेलं.

मार्च २०२५ मध्ये धंगेकर एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत गेले. काँग्रेससाठी याचा अर्थ इतकाच की सत्तर हजारांचा साठा आहे, पण त्याला एकत्र बांधणारं नाव पुन्हा शोधायचं आहे. २००९ मध्ये मनसेच्या चिन्हावर ४६ हजार, २०२३ मध्ये हाताच्या चिन्हावर ७३ हजार, अशी धंगेकरांची घोडदौड पाहता त्यातला त्यांचा स्वतःचा वाटा किती आणि पक्षाचा किती, हे पुढच्या निवडणुकीतच कळेल.

वाड्याचा प्रश्न कुणाच्या यादीत?

या सगळ्या हिशेबात एक गोष्ट मागं पडते. कसब्याचे प्रश्न निवडणुकांपेक्षा जुने आहेत. शनिवारवाडा हे केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक. २०१० च्या कायदादुरुस्तीनं अशा स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम बंद केलं आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी सक्तीची केली. परिणामी शेजारच्या गल्ल्यांमधले वाडे दुरुस्तही होत नाहीत आणि पाडून नवेही बांधता येत नाहीत. लाकडी जिन्याची पायरी निसटलेली, चौकातल्या भिंतीला बांबूचा टेकू, माडीवर वीज-मीटर सहा आणि राहणारी कुटुंबं दोन, अशा वाड्यांत आजही लोक राहतात. पूर्वेकडच्या पेठांत हाच प्रश्न झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नावानं येतो. बाजारपेठेत तो पार्किंगच्या नावानं येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रोची कसबा पेठ आणि मंडई ही स्थानकं सुरू झाली. तिथून वर आलेल्या प्रवाशाला आजही पदपथ सापडणं कठीण जातं.

दर निवडणुकीत दोन्ही पक्ष हे प्रश्न जाहीरनाम्यात घेतात. पण ज्या मतदारसंघात एका बाजूचा साठा सत्तर हजारांवर पक्का आहे आणि दुसऱ्या बाजूचा साठ ते नव्वद हजारांत झुलतो, तिथं पैसा आणि श्रम स्वाभाविकपणे आपला मतदार घरातून बाहेर काढण्यावर खर्च होतात. वाड्याचा प्रश्न सोडवण्यापेक्षा कोथरूडला राहायला गेलेल्या मतदाराला मतदानाच्या दिवशी शनिवार पेठेत आणणं स्वस्त पडतं. त्या मतदाराला वाड्याच्या जिन्याशी देणंघेणं कमी आणि मुख्यमंत्री कोण याच्याशी जास्त. त्यामुळे पेठेत राहणाऱ्याच्या तक्रारीपेक्षा पेठ सोडून गेलेल्याच्या निष्ठेला इथं जास्त वजन मिळतं.

कसब्याच्या पुढच्या निवडणुकीत कुणाचं तिकीट कापलं आणि कोण रुसलं, यावर रकाने भरतील. निकाल मात्र दोन आकड्यांवर ठरेल : भाजपविरोधी मतं किती नावांत वाटली गेली, आणि भाजपचे किती मतदार घराबाहेर पडले. किती मतदान झालं याचे केंद्रवार आकडे मतदानाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत हाती येतात. पक्षांचे कार्यकर्ते ते बघूनच लीडचा अंदाज बांधतात, आणि तो बहुधा चुकत नाही. पेठेत राहणाऱ्यांनी हे गणित बदलायचं ठरवलं तर एकच रस्ता आहे. यादीतला जो मोठा भाग बहुतेक वेळा मतदानाला जात नाही, त्यातले खरोखर पेठेत राहणारे लोक बाहेर पडले पाहिजेत. तेवढं झालं की दोन्ही पक्षांना त्यांच्या दारात जावं लागेल आणि तिथं वाड्याच्या जिन्याबद्दल बोलावं लागेल.